डांगी गुरं, भाताची खाचरं आणि जंत: अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

काम सुरू. जागा अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचे पाडे. पाड्यांची नावं वहीत आहेत, इथे लिहिणार नाही. लोकांनी गोठे उघडून दाखवले ते विश्वासावर.

प्रश्न साधा आहे. पावसाआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचली जाते, त्याच वेळी जंताच्या गोळ्याही वाटल्या जातात. लसीबद्दल वाद नाही, ती हवीच. पण गोळी सगळ्यांना एकच, एकाच दिवशी. आणि तरीही दसरा-दिवाळीच्या सुमाराला वासरं ढाळून ढाळून बसतात. मग गोळी चुकीची, वेळ चुकीची, की जंतच वेगळे?

डांगी गुरं निवडली कारण इथे दुसरं जनावर टिकत नाही. घाटघर-रतनवाडीकडे एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जाणं नवं नाही. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. दूध बेताचं, पण चिखलणीला बैल असा की गुडघाभर गाळातून औत ओढून काढतो. रंगावरून पारा, बहाळा, मणेरी, शेवेरी, लाल, काळा अशी नावं आहेत आणि लहान पोरंसुद्धा ती अचूक सांगतात. मात्र पावसाला पुरून उरणाऱ्या या कातडीचा जंतांपुढे फारसा उपयोग नाही. बहुतेक जंत तोंडावाटेच शिरतात.

११ जून

साहित्य जमवलं: जुना सूक्ष्मदर्शक, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज (वीज कधी जाईल ते सांगता येत नाही), मॅकमास्टरची (शेणातली जंतांची अंडी मोजायची) काचपट्टी, चहाच्या गाळण्या, खडे मीठ, बर्फाचा डबा. मिठाचं पाणी करताना लिटरभर उकळत्या पाण्यात साधारण चारशे ग्रॅम मीठ घालून ढवळत राहायचं. तळाशी मीठ विरघळायचं थांबलं की पाणी तयार. घनता १.२ आली पाहिजे, म्हणजे गोलकृमींची अंडी वर तरंगतात. ज्यांच्या पडवीत हे चाललं होतं त्या आजी म्हणाल्या, ‘एवढं मीठ कोणाच्या कालवणात टाकायचं?’

शेण जमिनीवरून उचलायचं नाही, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढायचं. जमिनीवरच्या शेणात मातीतले मोकळे राहणारे सूक्ष्मकृमीही शिरतात आणि मग वाचन फसतं. नमुना थंडही ठेवावा लागतो. उकाड्यात डबी तशीच राहिली तर दिवसभरात अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि मोजायला काही उरत नाही.

एक सोय आयती झाली. १ जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येणार नाही असा राज्याचा नियम लागू झाला आहे. त्यामुळे बऱ्याच गुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. आमच्या वहीत शेवटचे चार आकडे आणि मालकाने ठेवलेलं नाव. खरं तर नावच जास्त कामाला येतं, कारण बिल्ले झुडपात अडकून तुटतात.

२७ जून

पहिली वाचनं. पद्धत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आकडे आले की कळतील. तीन ग्रॅम शेण, बेचाळीस मिलिलिटर पाणी, गाळून, फिरवून, मिठाच्या पाण्यात पुन्हा कालवून काचपट्टीच्या दोन खणांत भरायचं. प्रत्येक खणात ०.१५ मिलिलिटर मावतं. दोन्ही खणांत मिळून जितकी अंडी दिसतील त्याला पन्नासने गुणायचं. सात दिसली तर ग्रॅमला ३५०. म्हणजे एक अंडं इकडेतिकडे झालं तरी उत्तर पन्नासने हलतं. म्हणून या आकड्यांना सोन्याच्या काट्याचा मान द्यायचा नाही.

चित्र अपेक्षेसारखंच आहे. मोठ्या गाई-बैलांत अंडी थोडी, कित्येकांत शून्य. वर्षाच्या आतल्या वासरांत भरपूर. गुरं वाढत्या वयाबरोबर गोलकृमींशी जमवून घ्यायला शिकतात, पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातली मात्र उघडी पडतात. बहुतेक अंडी स्ट्राँगाइल गटाची, लांबट, पातळ कवचाची, आत पेशींचा पुंजका. हिमोंकस, ट्रायकोस्ट्राँगायलस, इसोफॅगोस्टोमम, सगळ्यांची अंडी सारखीच दिसतात. अंड्यावरून नाव सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. दोन वासरांत कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींच्या गाठीही आहेत. त्या जंत नव्हेत, त्यांच्यावर जंताची गोळी चालत नाही. शेणात रक्त आणि कुंथणं दिसलं तर वेगळा विचार करू.

९ जुलै

तीन आठवड्यांचं गोऱ्हं. पोट फुगलेलं, शेण मातकट-पांढरट, चिकट, घाण वासाचं. काचपट्टीवर गोल, जाड, खडबडीत कवचाची अंडी, मोजता मोजता कंटाळा यावा इतकी. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम. एवढ्या कोवळ्या वासराने अजून गवताला तोंडही लावलेलं नाही, मग जंत आला कुठून, असं मालकाने विचारलं. दुधातून आला. गाईच्या अंगात या जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं गप्प पडून असतात, वेताच्या सुमाराला जाग्या होऊन कासेत उतरतात आणि पहिल्या काही आठवड्यांच्या दुधातून वासराच्या पोटात जातात. म्हशीच्या पारड्यांत हे जास्त दिसतं, गाईच्या वासरांतही चुकत नाही.

हे ऐकल्यावर शेजारच्या बाईंनी ठरवूनच टाकलं की आता चीक पाजायचा नाही. तिथे बराच वेळ बसावं लागलं. चिकावाचून वासरू जंतापेक्षा लवकर मरेल. चीक पोटभर पाजायचा आणि वासरू दहा ते सोळा दिवसांचं असताना पायपराझिनसारखं औषध एकदा द्यायचं, म्हणजे जंत अंडी घालायच्या वयाला येण्याआधीच जातो. पाड्यावरच्या पशुसखी (गुरांच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या) ताईंनी वहीत वासरांच्या जन्मतारखा लिहायला सुरुवात केली आहे. आजवरच्या सगळ्या कामात मला हेच सर्वांत उपयोगाचं वाटतं.

२४ जुलै

चार दिवस धुकं आणि संततधार. कागद सादळले, आगपेटी पेटेना.

गुराख्याबरोबर वर गेलो. आवणी झाली की खाचरात पीक उभं असतं, म्हणून गुरं डोंगराच्या कुरणावर, पाणी न थांबणाऱ्या उतारावर चरतात. राखोळीवर एक गुराखी सगळ्या पाड्याची गुरं नेतो आणि दिवेलागणीला आणतो. हे सगळं पीक वाचवायला चालतं, पण त्यामुळे पावसाळाभर मोठी गुरं पाणथळ जागेपासून आपसूक लांब राहतात. स्ट्राँगाइलच्या अळ्या मात्र वरही आहेत. उबदार ओलीत शेणातलं अंडं आठवड्याभरात संसर्ग करण्याजोग्या अळीपर्यंत पोचतं आणि ती अळी पाण्याच्या पातळ थरावरून गवतावर चढते. एरवी गाय शेणाभोवतीचं गवत टाळते. इथल्या पावसात शेणाचा पो राहतोच कुठे? पसरून सगळ्या उतारावर जातो.

आजपासून प्रत्येक नमुन्याची तळगाळ चाचणीही करायची ठरवली. पर्णकृमींची, म्हणजे यकृतात किंवा कोटीपोटात (रवंथाच्या पहिल्या पोटात) राहणाऱ्या जंतांची, अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, वर आलीच तर मुडपून ओळखू येत नाहीत. त्यामुळे फक्त मॅकमास्टर करणाऱ्याला ती जन्मात दिसणार नाहीत. साध्या पाण्यात शेण कालवून, गाळून, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा पाणी, असं नितळ होईपर्यंत. शेवटी मिथिलीन ब्लूचा थेंब. शेणातला काडीकचरा निळा होतो. यकृतातल्या फॅसिओलाचं अंडं सोनेरी-पिवळं उठून दिसतं, कोटीपोटातल्या अँफिस्टोमचं काचेसारखं फिकट.

दोन्ही सापडली, मोठ्या गाईंत. गेल्या हिवाळ्यात पोटात गेलेले कृमी आता अंडी घालत आहेत. जूनची गोळी खाऊनसुद्धा.

१२ ऑगस्ट

वासरांच्या शेणाच्या बरण्या लावून आठवडा-दहा दिवस ठेवल्या होत्या, त्यातून निघालेल्या अळ्या पाहिल्या. हिमोंकस पुष्कळ (शेपटीकडचं आवरण किंचित मुरडलेलं), बरोबर ट्रायकोस्ट्राँगायलस, कूपेरिया, इसोफॅगोस्टोमम. हिमोंकस रक्तावर जगतो. वासरांच्या हिरड्या आणि डोळ्यांच्या आतल्या कडा फिक्या का, त्याचं एक उत्तर मिळालं. गोचीडही आहेतच, त्यामुळे सगळा दोष जंताच्या माथी मारणार नाही.

३० ऑगस्ट

पोळा तोंडावर, बैल धुऊन-पुसून उभे, तेवढ्यात टेप लावून मापं घेतली. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले तीनशे. उत्तर पौंडात, त्याला २.२ ने भागलं की किलो. एका गाईचा घेर ५८, लांबी ४८. वजन साधारण २४४ किलो. मालकाचा अंदाज होता ‘असंल दीडशे.’

आता गोळीचा हिशेब. दीड ग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी, किलोला साडेसात मिलिग्रॅम धरली तर दोनशे किलोच्या जनावराला पुरते. या गाईला किलोमागे सहाच्या आसपास मिळाले. गोलकृमींसाठीच ते कमी. यकृतातले प्रौढ पर्णकृमी मारायला किलोला दहा किंवा त्याहून जास्त लागतात आणि कोवळे त्यानेही मरत नाहीत. कोटीपोटातल्या अँफिस्टोमसाठी तर ती गोळी भरवशाचीच नाही. शिवाय निम्म्या घरांत एक गोळी मोडून अर्धी गाईला, अर्धी बैलाला दिली जाते. काटकसर म्हणून नव्हे, दोघांना न्याय मिळावा म्हणून. पण त्यातून किलोमागे तीन मिलिग्रॅम पोटात गेले, म्हणजे जंत मेला नाही, औषधाची नुसती ओळख झाली.

उद्या जास्त अंडी असलेल्या वासरांना मोजलेल्या वजनावर पुरा डोस देणार. नुकत्याच फळलेल्या गाईंना अल्बेंडाझोल नाही, सुरुवातीच्या गाभणकाळात ते वासरात व्यंग आणू शकतं. या गोष्टीची विचारपूस वाटपाच्या वेळी कोणी करत नाही, करायला हवी.

१२ सप्टेंबर

डोस दिलेल्या वासरांचं शेण पुन्हा तपासलं. आधीच्या सरासरीशी तुलना करता अंडी जवळजवळ नाहीशी झाली आहेत. घट ९५ टक्क्यांच्या खाली आली असती तर जंत औषधाला दाद देत नाहीत असा संशय घ्यावा लागला असता. संघटित मेंढी-शेळी फार्मांवर बेन्झिमिडाझोल (अल्बेंडाझोलच्याच गटातल्या) औषधांना न जुमानणारा हिमोंकस भारतात कधीचाच नोंदला गेला आहे. इथे तसं दिसत नाही. माझा अंदाज असा की डोंगरावरच्या बहुतेक अळ्यांच्या पूर्वजांनी औषध कधी पाहिलेलंच नाही. मोठ्या गुरांतले जंत अधूनमधून निसटतात तेही एका अर्थी बरं आहे. सगळ्या गुरांना दर तीन महिन्यांनी पाजत सुटलो तर हे भाग्य आपणच घालवू.

२२ सप्टेंबर

जे शोधायला आलो होतो ते बहुधा आज समोर आलं.

पाच महिन्यांची कालवड. चार दिवस पाण्यासारखं, कुजका वास येणारं शेण, मागचे पाय शेणाने भरलेले, पाणी सारखं मागते, खाणं सोडलेलं. जबड्याखाली पाणी उतरलेलं, दाबलं की बोटाचा खळगा राहतो. फिकी आहे. शेण तपासलं तर स्ट्राँगाइलची अंडी नावाला, पर्णकृमींचं एकही नाही. ऑगस्टअखेर तिला पुरा डोस मिळालेला आहे. आणि ही कालवड एकदाही डोंगरावर गेलेली नाही, खाचरात तर नाहीच. वाघराच्या भीतीने वासरं घरामागेच बांधतात.

अंडी नाहीत म्हणजे कृमी नाहीत असं नसतं. अँफिस्टोमची पिल्लं पोटात गेल्यावर आधी लहान आतड्याच्या सुरुवातीला, आतल्या पदराला चिकटून वाढतात आणि तिथला पदर खातात. मोठी झाली की वर सरकून कोटीपोटात जातात आणि तिथे गप गुमान राहतात. त्रास देतात ती पिल्लं, अंडी घालतात ते मोठे. मधे दोनेक महिने किंवा जास्तच जातात. म्हणजे जनावर मरणाच्या दारात असताना अंड्यांची चाचणी कोरी येऊ शकते.

पातळ शेण बादलीभर पाण्यात कालवून बारीक जाळीतून धुतलं आणि गाळ काळ्या ताटात ओतला. भाताच्या कणीएवढे, गुलाबीसर, हळूहळू आखडणारे ठिपके, बरेच. भिंगातून पाहिलं तर दोन्ही टोकांना चूषक. कालवडीच्या घरची आजी ताटावर वाकून म्हणाली, ‘हे तर बोकड फाडल्यावर पोटात दिसतंय तेच, पर बारकं.’ बरोबर ओळखलं. शेळीच्या कोटीपोटाला लाल दाण्यांसारखे चिकटलेले असतात ते याच कुळातले, वयाने मोठे.

तालुक्यातल्या पशुवैद्यकांशी फोनवर बोलून ऑक्सिक्लोझानाइड दिलं, किलोला १८.७ मिलिग्रॅम, तीन दिवसांनी पुन्हा. बरोबर मीठ-गुळाचं पाणी.

२५ सप्टेंबर

दुसरा डोस. कालवड उभी राहिली, गवताला तोंड लावलं.

पण घराबाहेर न पडलेल्या जनावराला हे झालं कसं? अँफिस्टोम असो की फॅसिओला, दोघांनाही मधे गोड्या पाण्यातली गोगलगाय लागते. अंडं पाण्यात फुटतं, त्यातलं पिल्लू दिवसभरात गोगलगाय गाठतं नाहीतर मरतं. गोगलगायीच्या अंगात एकाची शेकडो होतात, काही आठवड्यांनी शेपटीवाली पिल्लं बाहेर पडतात, पोहत गवताच्या पात्याला चिकटतात आणि भोवती कवच करून बसतात. कोणीतरी ते पातं खाईपर्यंत.

उत्तर आजींच्याच डोक्यावर होतं. वासरांसाठी रोज पहाटे बांधावरचं गवत कापून आणतात. बांध खाचराचा, गवताचा बुडखा पाण्यात. विळा बुडाशी लावायचा ही चांगल्या कापणाऱ्याची खूण. शिवाय सगळ्यात हिरवं, लुसलुशीत गवत घराखालच्या खाचराच्या बांधावर, कारण गोठ्याची नाळी धुवून निघते ती थेट त्याच खाचरात. तिथे जूनपासून गाईच्या शेणातली अंडी पडत आहेत, तिथल्याच गोगलगायी, तिथलंच गवत आणि ते खाणारं पाड्यावरचं सगळ्यात कोवळं जनावर. मोठी गुरं डोंगरावर सुरक्षित आणि सांभाळून घरी ठेवलेलं वासरू बरोबर सापळ्यात.

त्या एका खाचरातून गोगलगायी गोळा केल्या. चपट्या, तपकिरी, चकलीसारख्या वेटोळ्याच्या: इंडोप्लॅनॉर्बिस. टोकदार, पातळ कवचाच्या लिम्निया कुळातल्याही आहेत, त्या फॅसिओलाच्या. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी, प्रत्येकात एक गोगलगाय, उन्हात. ऊन तासभरच मिळालं, पण तेवढ्यात काही पेल्यांत पाणी भिंगाखाली वळवळू लागलं. पोरांनी रांग लावून पाहिलं.

१० ऑक्टोबर

बाकीच्या पाड्यांवर बांधलेली वासरं शोधून शेण धुतलं. जिथे गोठ्याची नाळी खाचरात जाते आणि गवत तिथूनच येतं, तिथे पिल्लं सापडतात. जिथे गवत डोंगरावरून येतं, तिथे नाहीत किंवा एखादंच. गोठे थोडे आहेत, यावरून टक्केवारी मांडणार नाही. पण रोज पाहणाऱ्याला पटण्याइतकं हे स्पष्ट आहे आणि बायकांना तर लगेच पटलं.

गोगलगायी मारायला मोरचूद टाकू का, असं एकाने विचारलं. जुन्या पुस्तकांत तो उपाय आहेच. मी नाही म्हटलं. याच खाचरांतले खेकडे आणि मासे लोक पावसाळाभर खातात. मोरचूद टाकला तर आधी ते जातील आणि पुढच्या पावसात वरच्या ओढ्यातून गोगलगायी पुन्हा येतील.

त्यापेक्षा ठरलं ते साधं आहे. पाण्यात बुडालेला बुडखा सोडून वीतभर वर कापायचं. खालच्या खाचराचं गवत वासराला नाही, मोठ्या बैलाला, तेही उन्हं मिळाली तर वाळवून. कवचातली पिल्लं ओलीत महिनोन् महिने तग धरतात, कडक उन्हात वाळली की मरतात. आणि नाळी खाचरात न सोडता खड्ड्यात. शेवटच्या मुद्द्यावर कुरकुर झाली. ते पाणी म्हणजे खत, त्यावर भात काळाभोर येतो. त्यांचं चूक नाही. खड्ड्यातलं शेण कुजून, तापून मग खाचरात गेलं तर खतही मिळतं आणि अंडीही मरतात, एवढं बोलून विषय तिथेच ठेवला.

२८ ऑक्टोबर

वाघबारस. पाड्यावर वाघोबाला नैवेद्य, गुराख्यांचा मान. आज कोणाच्याही जनावराला हात लावायचा नाही, सुई नाही, मोजा नाही. चांगला नियम. दोन दिवसांपूर्वी एकविसावी पशुगणना सुरू झाल्याची बातमी होती, तर लोक आम्हालाच गणनावाले समजत आहेत.

ती कालवड हिंडते आहे. केसांना अजून चमक नाही.

२१ नोव्हेंबर

काल मतदान, आज पुन्हा कापणी. भात निघालेल्या खाचरांत गुरं सोडली आहेत. कोपऱ्याकोपऱ्यात अजून ओल, तिथे हिरवं, आणि गुरं पहिल्यांदा तिथेच धावतात. पावसाळाभर डोंगरावर राहिलेली मोठी गुरं आता खाली उतरून पर्णकृमी उचलणार. फॅसिओला जायगँटिकाला पोटात गेल्यापासून अंडी घालायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात तो यकृत पोखरत जातो आणि चाचणीत दिसत नाही. आज पोटात गेलेला फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसेल. म्हणजे जूनची गोळी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याने अर्ध्या वर्षाचं नुकसान करून ठेवलेलं असतं.

पेंढ्याचंही पाहिलं. भाताच्या ताटाच्या बुडाकडच्या भागाला पिल्लं चिकटलेली असू शकतात. उडव्या रचण्याआधी इथे पेंढा चांगला वाळवतात, त्यामुळे फार चिंता नाही. ओल्या कोपऱ्यातला पेंढा तेवढा आधी वासराला घालू नका म्हणून सांगितलं.

१९ जानेवारी २०२५

एक बैल श्वास घेताना घोरतो, पाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. लोक कौतुकाने सांगतात, मला पोटात धस्स झालं. नाकपुडीत बोंडासारखी वाढ, शेंबूड रक्तमिश्रित. तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर बांगडीच्या तुकड्यासारखी वाकडी अंडी: शिस्टोसोमा नेझाली. हा जंत आतड्यातला नाही, नाकाच्या रक्तवाहिन्यांतला, पण गोगलगाय तीच, इंडोप्लॅनॉर्बिस. आणि हा गवतातून नाही, पाण्यात उभं असताना कातडीतून शिरतो. चिखलणीच्या बैलाला तो टाळणार कसा, याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. उपचार पशुवैद्यकांकडे सोपवला.

२ मार्च

मोठ्या गाईंच्या शेणात सोनेरी अंडी दिसायला लागली. नोव्हेंबरात मांडलेला हिशेब जुळला. अंडी सापडलेल्या आणि खंगलेल्या गुरांना टेपने वजन घेऊन पर्णकृमीचं औषध. दुभत्या गाईंच्या बाबतीत पाकिटावर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे मालकासमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

एकाने दुकानातून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन आणून ठेवलं होतं, ‘एकच सुई, आतले-बाहेरले सगळे मरतात’ या शब्दावर. गोलकृमी आणि उवा मरतात, पर्णकृमींना ते लागूच पडत नाही. वर ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. डोंगरावरचं शेण जमिनीत ओढून नेणारे तेच तर आहेत.

पळस फुलला आहे. म्हाताऱ्या गुराखीबाबांनी पळसपापडीचा विषय काढला: बी वाटून ताकातून वासराला, सलग तीन सकाळी. पळसाच्या बीत पॅलासोनिन नावाचं द्रव्य आहे आणि ते गोलकृमींवर चालतं हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण कोणत्या वजनाला किती, हा प्रश्न उरतोच. जास्त झालं तर वासराला ढाळ. बाबांना म्हटलं, तुम्ही द्या, मी आधी आणि नंतर मोजतो, गोळीला लावला तोच काटा. ‘मोज की,’ म्हणाले, ‘पर मिठाचं पाणी तुजं, बी माजं.’ शेंगा वाळल्या की एप्रिल-मेमध्ये करू.

१४ एप्रिल

राब भाजायचं चालू आहे. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून पेटवतात, त्या राखेत जूनमध्ये रोप टाकतात. रोपाच्या वाफ्यात जाणारं शेण भाजून जातं, म्हणजे तिथली अंडी संपली. प्रश्न घराखालच्या खाचराचाच उरतो.

काही घरांनी नाळीला खड्डा खणला आहे, काहींनी ‘पाऊस पडू दे, बघू’ म्हटलंय. ज्या घरची ती कालवड, त्यांनी खड्डा खणून वर लाकडी फळ्याही टाकल्या, कारण त्यात शेळी पडली होती.

पशुसखी ताईंशी बसून पुढच्या वर्षाचं ठरवलं. जूनमध्ये लसीबरोबर गोळी मिळाली तर ती वर्षाच्या आतल्या वासरांना, टेप लावून, न मोडता. मोठ्यांना सरसकट नको. नव्या वासराला दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान टॉक्सोकाराचं औषध, तारखा ताईंच्या वहीत. गणपती बसले की बांधलेल्या वासरांचं शेण आठवड्याला एकदा ताटात धुऊन बघायचं, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. गुलाबी कणी दिसली की फोन. मोठ्यांचं पर्णकृमीचं औषध शिमग्याच्या आसपास, तळगाळ पाहून.

राहिलेली कामं: काळी ताटं दहा, बारीक जाळीच्या गाळण्या, टेप. इंचांचे आकडे पुसट होतात, कापडी टेप घेऊ नये. पळसपापडीच्या आधीची मोजणी मेच्या पहिल्या आठवड्यात, बाबांच्या तीन वासरांपासून.